‘मानवतावादी फायदे-तोटे’ : हा शब्दप्रयोग चालेल का?

प्रश्न असा : युद्ध करावं की नाही याचा विचार मांडताना ‘युद्धाचे मानवतावादी फायदे-तोटे’ असं लिहिलं तर चालेल का?

मी लिहिणार नाही. ‘वादी’ लागलं की शब्द भूमिका सांगतो. मदत, धोरण, हस्तक्षेप यांच्यामागे कुणाची तरी भूमिका असते, म्हणून ती मानवतावादी ठरू शकतात. माणसं मेली, बेघर झाली, ही मानवी हानी. हानीला कसला आलाय वाद! (‘मानवीय’चीही गरज नाही, ‘मानवी’ पुरतं.)

हे ताणून धरायचं कारण असं की हेतू आणि परिणाम नेहमी जोडीने चालत नाहीत. १९७१च्या युद्धासाठी भारताने मुख्यतः स्वसंरक्षणाचं कारण दिलं. पण त्या युद्धाने पूर्व पाकिस्तानातला संहार थांबला आणि सुमारे १ कोटी निर्वासितांना परतता आलं. १९७९मध्ये व्हिएतनामने कंबोडियातली हुकूमशहा पोल पोटची संहारक राजवट उलथवली, तीही स्वतःच्या सुरक्षेचं कारण देऊन. उलट १९९९मध्ये सर्बियाच्या ताब्यातल्या कोसोवो प्रांतासाठी नाटो या पाश्चात्त्य लष्करी आघाडीने ७८ दिवस हवाई हल्ले केले ते उघडपणे मानवतेच्या नावाने. हल्ले सुरू झाल्यावर सर्बियन फौजांनी चालवलेली हकालपट्टी प्रचंड वाढली आणि तिथल्या ८ लाखांहून अधिक अल्बेनियन वंशाच्या लोकांना कोसोवो सोडावं लागलं. त्यातले बहुतेक त्याच वर्षी परतले, हेही खरं. अशा युद्धाच्या परिणामांनाच ‘मानवतावादी’ म्हटलं, तर मोजायच्या आधीच कौल दिल्यासारखं होतं.

‘फायदे’ तर मला त्याहून खटकतो. इथे ‘टळलेली हानी’ म्हणावं. शब्द ओबडधोबड आहे, पण प्रामाणिक आहे : जे घडलंच नाही त्याचा आकडा अंदाजानेच काढावा लागतो, हे त्यातून कळतं. रवांडात १९९४मध्ये सुमारे १०० दिवसांत लाखो माणसं मारली गेली. वेळीच फौजा उतरल्या असत्या तर किती वाचली असती, यावर आजही मतभेद आहेत.

काही जण या सगळ्यासाठी ‘आनुषंगिक हानी’ सुचवतात. ती संज्ञा लष्करी लक्ष्यावरच्या हल्ल्यात नागरिकांना बसणाऱ्या झळीपुरती आहे. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पहिल्या पूरक करारात अपेक्षित लष्करी लाभाशी ताडून पाहायची ती हीच हानी. अख्खं युद्ध करावं का, या प्रश्नाला ती अपुरी पडते.

तेव्हा वाक्य असं करा : ‘युद्धाने होणारी मानवी हानी आणि युद्धामुळे टळू शकणारी हानी यांचा विचार’. लांबलं खरं, पण चालेल.