सोलापुरात रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून पहिलं बोन्साय घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की विजापूर रोडला टेम्पो लावून झाडं विकणाऱ्याकडे दोन बोन्साय आवडलेत, एक जाड बुंध्याचं फायकस (वड-पिंपळाच्या कुळातलं झाड) आणि एक जुनिपर. दोन्हींचे मिळून तो 1,800 सांगतोय. तुमची पहिलीच वेळ आहे, तर घ्यावेत का?

फायकस बघून घ्या. जुनिपर घेऊ नका, फुकट दिलं तरी नको.

जुनिपर हे थंड हवेचं झाड. हिवाळ्यात त्याला चांगली गारठ्याची विश्रांती लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या वर जातो आणि रात्रीसुद्धा गच्चीची फरशी तापलेली असते. त्यात ते तग धरत नाही. शिवाय मुळं मेल्यावरही जुनिपर कित्येक आठवडे हिरवंच दिसतं, त्यामुळे घेताना ते जिवंत आहे की नाही हे नवख्याला कळतच नाही. मी माझं पहिलं बोन्साय जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत असंच रस्त्यावरून घेतलं होतं, जुनिपरच. फेब्रुवारी संपेपर्यंत रोज मनापासून पाणी घातलं. मार्चमध्ये पाला हातात चुरगळायला लागला, म्हणून कुंडीतून काढून बघितलं. आत नर्सरीची काळी पिशवी तशीच होती, वर फक्त मातीचा थर आणि पांढरे खडे. पिशवी फाडली तर चिकट मातीचा गच्च गोळा निघाला. मुळं काळी पडलेली, नखानं ओढली की साल सुटून यायची आणि आत दोऱ्यासारखी काडी उरायची. ते झाड मी घरी आणलं तेव्हाच गेलेलं असणार. फार वाईट वाटलं होतं, पैशापेक्षा त्या दोन महिन्यांचं.

म्हणून सांगतो, वरच्या आकारावर जाऊ नका, खाली काय आहे ते बघा. बुंधा मातीलगत दोन बोटांत धरून हलकेच हलवा. मूळ धरलेलं झाड कुंडीसकट हलतं. नुसताच बुंधा डुलला तर मुळं नाहीत किंवा कालपरवाच कुंडीत खोचलंय. मग कुंडी उचलून तळाला भोक आहे का ते बघा. चिनी मातीच्या देखण्या ट्रेला पुष्कळदा भोकच नसतं. वरचे खडे डिंकानं चिकटवलेले असले तर पाणी आत जात नाही, ते घरी आल्याबरोबर काढून टाका. एखाद्या बारीक फांदीची साल नखानं किंचित खरवडा. आत हिरवं ओलसर दिसलं पाहिजे, आणि फायकस असेल तर चीकही येतो. पानांच्या मागे कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण, असलं झाड घेऊ नका. तारेनं फांदी करकचून साल फुगली असेल तर तार उलगडत बसू नका. कटरनं तुकडे करून काढा, नाहीतर फांदी मोडते.

विक्रेत्याला सरळ विचारा, "मामा, याची कुंडी कधी बदललीय? मुळं कधी छाटली?" ज्यानं स्वतः झाड वाढवलंय तो लगेच सांगतो, महिन्यासकट. यातले बरेच जण आंध्रातल्या कडियमच्या किंवा पुण्याच्या नर्सरीतून माल उचलतात आणि त्यांना फक्त भाव माहीत असतो. त्यात त्यांचं काही वाईट नाही, पोटासाठी उन्हात बसतात. पण "वीस वर्षांचं झाड आहे" यावर पैसे वाढवून देऊ नका. तुम्ही म्हणताय ते फुगीर बुंध्याचं फायकस म्हणजे बी रुजवून खालचं मूळ जाड होऊ दिलेलं आणि वर बारीक पानांच्या जातीचं कलम केलेलं झाड. हे काही वर्षांत तयार होतं. कलमाचा सांधा नीट बघितला तर दिसतो. सांध्याखालून मोठ्या पानांचे धुमारे आले तर खुडत जा, नाहीतर ते वरच्या कलमाला मारतात. एवढं असूनही पहिलं झाड म्हणून हे चांगलं आहे, कारण ते चुका सोसतं.

घरी आणलं की पहिले आठ-दहा दिवस काही पानं गळतील. घाबरून खत घालू नका, जागा बदलली की फायकस असं करतंच. टीव्हीजवळच्या टेबलावर तर अजिबात ठेवू नका. उजेड हवा. सकाळचं ऊन मिळेल अशी गॅलरी किंवा गच्चीवर हिरव्या नेटखालची जागा द्या. कुंडी बदलायची ती जूनमध्ये, पहिला पाऊस पडून हवा निवल्यावर. तळाला भोकच नसेल तर मात्र लगेच बदला, पण मुळं न छाटता. माती भरताना आपली काळी माती वापरू नका. ती ओली असताना चिखल आणि वाळली की तडे, मुळं गुदमरतात. मी चाळलेला विटांचा चुरा, जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत वापरतो. चुऱ्यातली बारीक भुकटी चाळून टाकायलाच हवी, नाहीतर ती तळाशी बसून पाणी अडवते.

पाण्याचं सांगायलाच हवं. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही आणि बोअरचं पाणी जड, कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो. नळाचं पाणी एका बादलीत खास झाडांसाठी भरून ठेवा. मे महिन्यात उथळ ट्रे सकाळी भिजवला तर दुपारपर्यंत कोरडा होतो. दोनदा पाणी लागेल. गावाला जाणार असाल तर शेजारच्या काकूंना झाड दाखवून, बोट खुपसून ओल कशी बघायची ते करून दाखवून जा.

आणि दुसरं झाड हवंच असेल तर जुनिपरच्या जागी जाड, मांसल पानांचं जेड घ्या, किंवा नर्सरीतून साधी बोगनवेल आणा. दोन्हींना आपलं ऊन मानवतं. माझ्याकडे तिसरं आहे ते वडाचं. घराच्या पन्हाळीजवळ भिंतीच्या फटीत उगवलं होतं, पावसाळ्यात गवंड्याकडून हलक्या हातानं सोडवून घेतलं. मूळ भिंतीत दबून चपटं झालेलं, तसंच ठेवलंय. गेल्या श्रावणात त्याला पहिली पारंबी फुटली, उदबत्तीच्या काडीएवढी, टोकाला पिवळसर. आता ती मातीला टेकायला दोन बोटं उरलीत, म्हणून तिच्याभोवती कापलेली स्ट्रॉ अडकवून आत ओलं शेवाळ भरलंय.

फायकस आणलंत की त्याच्या बुंध्याचा आणि कुंडीच्या तळाचा फोटो इथेच टाका. बघून सांगतो.