एनडीएत निवड होण्याची शक्यता कशी वाढवावी?

अकरावीत असलेल्या आपल्या मुलाला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) जायचे असेल, तर लेखी परीक्षेइतकेच लक्ष एसएसबीकडे, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या चाचण्या व मुलाखतीकडे, द्यावे, कारण गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमतेचे ६०० असे लेखी परीक्षेचे ९०० गुण असतात, तर तेवढेच ९०० गुण एकट्या एसएसबीचे असतात. गणिताची तयारी आजच सुरू करावी. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, म्हणून अंदाजाने उत्तरे देण्याची सवय मोडावी.

एसएसबीत पडद्यावर एक शब्द दिसतो आणि पंधरा सेकंदांत त्यावर वाक्य लिहायचे असते. असे साठ शब्द सलग येतात, त्यामुळे क्लासमध्ये घोकलेली वाक्ये तिथे टिकत नाहीत. फळी, दोर आणि पिंप घेऊन गटाने अडथळा ओलांडताना तर मुलाचा मूळ स्वभावच दिसतो. म्हणून त्याला सांघिक खेळ खेळू द्यावा, घरातली एखादी जबाबदारी पूर्णपणे सोपवावी आणि रोज वृत्तपत्र वाचून त्यावर बोलते करावे. माझ्या मते हे महागड्या शिकवणीपेक्षा अधिक उपयोगाचे आहे. डोळ्यांची तपासणी मात्र आत्ताच करून घ्यावी. धाकटे भावंड दहावीत असेल, तर मुलासाठी छत्रपती संभाजीनगरच्या आणि मुलीसाठी नाशिकच्या शासकीय सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा अवश्य द्यावी.