मोटरसायकलच्या नादापायी ठाणं सोडायचं तर राहायला कुठं जावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: ठाण्यात राहता, नवरा-बायको दोघांचंही काम घरून चालतं, महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी पुण्याच्या ऑफिसात तोंड दाखवावं लागतं, दारात ४०० सीसीची गाडी आहे आणि ती घोडबंदर रोडवर क्लच दाबून झिजवायचा कंटाळा आलाय. यादीत गोवा, डेहराडून, पुणे, नाशिक आणि कोल्हापूर. यातलं रायडिंगसाठी सगळ्यात चांगलं कुठलं?

माझं उत्तर तुमच्या यादीतच नाही. सातारा. मी मुंबईहून इथं येऊन स्थायिक झालोय, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरूनच पुढचं वाचा.

गाव निवडताना बहुतेक जण डोळ्यांसमोर मोठी राईड आणतात. लडाख, स्पिती, कन्याकुमारी. अशी राईड वर्षातून एकदा, फार तर दोनदा होते, आणि तिच्यासाठी कुठंही राहिलात तरी चालतं. पुण्याहून झेलम एक्सप्रेसनं गाडी पार्सल करा, टाकी रिकामी करून बारदानात गुंडाळून द्या आणि जम्मूला उतरवून घ्या. गाव बदलायचं ते मंगळवारसाठी. सकाळी सहाला गाडी बाहेर काढली, घाट चढून वर एक चहा मारला आणि नऊच्या मीटिंगला आंघोळ करून लॅपटॉपसमोर बसलो, असं कुठं जमतं ते बघा. म्हणजे नकाशावर दोन गोष्टी मोजायच्या: घरापासून पहिलं खरं वळण किती मिनिटांवर आहे आणि गावातून असे रस्ते किती दिशांना फुटतात. एकच रस्ता असला तर तीन महिन्यांत त्यातला प्रत्येक खड्डा पाठ होतो आणि गाडी पार्किंगमध्येच राहायला लागते.

या हिशेबानं पुणं बघा. क्लब, शोरूम, सुटे भाग, दर रविवारी सोबतीला माणसं, सगळं आहे. पण पश्चिमेला बावधनला राहणाऱ्याचं पुणं वेगळं आणि पूर्वेला खराडीला राहणाऱ्याचं वेगळं. बावधनवाला अर्ध्या तासात मुळशीच्या वाटेला लागतो; खराडीवाल्याचा तेवढा वेळ शहराबाहेर पडण्यातच जातो. शिवाय ताम्हिणी घाट पावसाळी शनिवार-रविवारी आता राईड करायची जागा उरलेली नाही, कारण अर्धा रस्ता कणसं भाजणाऱ्यांचा आणि उरलेला सेल्फीवाल्यांचा असतो. पुण्यातच जायचं असेल तर फ्लॅट शहराच्या पश्चिम कडेलाच घ्या, भाडं जास्त पडलं तरी.

नाशिकबद्दल माझं मत बरं आहे. त्र्यंबक-मोखाडा-जव्हार, घोटी-भंडारदरा, वणी, सापुतारा, असे चार दिशांना चार वेगळे रस्ते आहेत आणि शहरातला पाऊसही बेताचा. मात्र दलाल तुम्हाला समृद्धी महामार्गामुळं ठाणं किती जवळ आलंय ते सांगेल, तिकडं कान देऊ नका. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, तुम्हाला कसारा घाटानंच यायचंय. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, अटल सेतू, वांद्रे-वरळी सी लिंक, सगळीकडं हीच गत, आणि बेंगळुरू-म्हैसूर मार्गाच्या मुख्य मार्गिकांवरूनही ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्याला हाकललं. शहराच्या जाहिरातीतले झकपक रस्ते बहुधा आपले नसतात, हे ध्यानात ठेवून अंतरं मोजा. २०२६ ते २०२८ चा सिंहस्थ उरकेपर्यंत नाशिकला थांबलेलंच बरं, हेही आहेच.

गोवा. यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. पण अख्खं राज्य उत्तर-दक्षिण शंभरेक किलोमीटरचं, आणि गोव्याचे म्हणून जे रस्ते लोक सांगतात ते सगळे गोव्याबाहेर नेणारे: चोर्ला घाट बेळगावकडं, अनमोड लोंढ्याकडं, करमल कारवारकडं. किनाऱ्याच्या पट्ट्यात भाड्याच्या स्कूटरवर पहिल्यांदाच बसलेला पर्यटक समोरून येतो. तिथली जुनी पायलट मंडळी, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले, त्यातून कशी सफाईनं निघतात ते बघण्यासारखं असतं. आपल्याला ते जन्मात जमायचं नाही. खारी हवा आणि साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस चेन, स्पोक आणि नटबोल्टांना जे करतो त्याचा खर्च वेगळाच. समुद्र हवाच असेल तर सावंतवाडी बघा. आंबोलीचा घाट तिसेक किलोमीटरवर आणि गोवा हाकेच्या अंतरावर. पावसाची आणि गंजाची तक्रार तिथंही आहेच, पण घरभाडं ऐकून रागाचा पारा उतरेल.

डेहराडूनला मसुरी पस्तीसेक किलोमीटरवर आहे आणि सुट्टीच्या दिवशी त्या पस्तीस किलोमीटरमध्ये दिल्लीच्या गाड्या असतात. पावसात दरडी, थंडीत वरचे रस्ते बर्फात. आईवडील इकडं असतील तर दर वेळी विमान. हिमालयात राईडला जावं. राहायला जायला तिथं नोकरी किंवा सासर असावं.

आता कोल्हापूर, कारण खरी टक्कर तिथंच आहे. गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा घाट, मलकापूरच्या पुढं आंबा, शिवाय अणुस्कुरा, फोंडा, आणि आजऱ्याहून आंबोली. कोकणात उतरायला इतक्या वाटा दुसऱ्या कुठल्याही मोठ्या शहराला नाहीत. आणि शिवाजी उद्यमनगर, म्हणजे तिथली कारखान्यांची आणि वर्कशॉपची वस्ती! इंजिनाची नस ओळखणारी माणसं, हवा तो बुश लेथवर बसल्याजागी करून देणारी. जुनी गाडी सांभाळायची असेल तर मी डोळे झाकून कोल्हापूर म्हणेन. अडचण दोन गोष्टींची. बहुतेक घाट शहरापासून पन्नास-सत्तर किलोमीटरवर सुरू होतात, म्हणजे मंगळवारची सकाळ गेली, उरला रविवार. आणि पंचगंगेचा पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन पुण्याकडची वाट बंद झाली होती. ऑफिस पुण्यात असलेल्यानं हे हलक्यात घेऊ नये.

साताऱ्यात समर्थ मंदिराजवळून एक रस्ता यवतेश्वर चढून कासच्या पठारावर जातो, दुसरा बोगद्यातून सज्जनगड आणि पुढं ठोसेघर. दोन्ही पंचवीसेक किलोमीटर, आणि चढ गावाच्या कुशीतूनच सुरू. ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीचं पठार, पवनचक्क्यांच्या खाली वारा असा आडवा येतो की ४०० सीसीची गाडीही रेषेत धरावी लागते. वेळ असला तर मेढ्यावरून केळघरचा घाट चढून महाबळेश्वर, तिथून आंबेनळीनं पोलादपूर. किंवा उंब्रज-पाटण-कोयनानगर करत कुंभार्लीनं चिपळूण. हे सगळं एका दिवसात जाऊन रात्री घरी जेवायला परतता येतं.

पण मला सातारा पटला तो पावसाळ्यात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि याच जिल्ह्यात, माण तालुक्यात म्हसवडच्या बाजूला पाचशेसुद्धा नीट पडत नाही. जुलैत पश्चिमेचे घाट धुक्यात आणि दरडीत अडकलेले असतात, तेव्हा मी गाडीचं तोंड पूर्वेला वळवतो. दहिवडी, शिखर शिंगणापूर, मोगराळे घाटानं फलटण, तिथून घरी. माथ्यावर ढग, खाली कोरडं डांबर, दोन्ही बाजूंना बाजरी. पर्यटकांना या बाजूचं नावही माहीत नसल्यानं हॉर्न वाजवायचा प्रसंग येतो तो मेंढरांसमोरच. चार महिने गाडीवर ताडपत्री टाकून बसायला लागत नाही, हा फायदा ठाण्याहून येणाऱ्याला आल्याशिवाय कळत नाही.

तोटेही लिहितो. फुलांच्या हंगामात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, सुट्टीच्या दिवशी कासकडं फिरकायचं नाही. ते दिवस स्थानिकांनी सोडूनच दिलेत. त्याहून गंभीर गोष्ट उसाची. दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की थेट मार्चपर्यंत रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, आणि अंधारात दुसरी ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. वळणावर उसाची कांडी आणि पाचट सांडलेलं असतं, त्यावर पुढचा ब्रेक दाबणं म्हणजे आमंत्रणच. हंगामात अंधार पडल्यावर मी गाडी काढत नाही. कोल्हापूर-सांगलीतही हेच चित्र, जरा जास्तच. नाशिकच्या पारड्यात हा एक गुण टाका हवं तर.

पुण्याचं अंतर एकशे दहा किलोमीटर. आनेवाडी आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यांवर दुचाकीला टोल नाही. पुण्याकडं जाताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं एसच्या आकाराचं वळण अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे, तिथं मागून ट्रक येत असेल तर त्याला पुढं जाऊ द्या. नेहमीच्या कंपन्यांच्या गाड्यांची देखभाल गावात होते. उद्या दोन सिलिंडरची महागडी गाडी घ्यायचा विचार असेल तर मात्र प्रत्येक सर्व्हिसला पुणं गाठायची तयारी ठेवा.

घर बघताना तळमजल्यावर छत असलेली जागा, पाण्याचा नळ आणि एक विजेचा पॉइंट, एवढं मागून घ्या, आणि भाडेकराराआधी सोसायटीच्या सेक्रेटरीशी सायलेन्सरच्या आवाजाबद्दल मोकळेपणानं बोला. पहाटे सहाला गाडी सुरू करणारा भाडेकरू छोट्या गावात आठवडाभरात सगळ्यांना माहीत होतो. गावात रात्री दोनला हाडांचा डॉक्टर कुठं मिळतो हेही त्याच दिवशी विचारून ठेवा. हा प्रश्न तुमच्या बायकोनं विचारायच्या आधी तुम्हीच विचारलात तर पुढची बोलणी सोपी जातात.

लगेच सामान हलवू नका. जुलैत एक महिना साताऱ्यात आणि जानेवारीत एक महिना कोल्हापूर किंवा नाशकात खोली घेऊन राहा, काम नेहमीसारखं करा आणि फक्त आठवड्यातल्या सकाळी किती वेळा आपणहून गाडी काढली जाते ते बघा. पर्यटकांच्या महिन्यात, म्हणजे डिसेंबरात, कुठलंच गाव तपासू नका, तेव्हा सगळीच देखणी असतात.

कागदपत्रांचं एक. महाराष्ट्रातच राहिलात तर आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा, पत्ता बदलला की झालं, त्यासाठी तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गोवा किंवा डेहराडून निवडलंत आणि गाडी तिथं बारा महिन्यांहून जास्त राहिली तर ठाण्याच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), नवा नंबर, तिथला रोड टॅक्स आणि इथल्या टॅक्सच्या परताव्यासाठी वेगळ्या फेऱ्या. तुमची कंपनी चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेली असेल तर पुढची गाडी बीएच मालिकेत (राज्य बदललं तरी तोच नंबर चालतो) घेता येते का ते एचआरला आत्ताच विचारा. विम्याच्या पॉलिसीवरचा पत्ताही बदलायचा असतो, तो बहुतेक जण विसरतात.