सिरीजमधलं पात्र मेलं म्हणून इतकं रडू येतं, हे नॉर्मल आहे का?

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, आणि विचारणाऱ्यांमध्ये मुलींवर प्रेम करणाऱ्या मुली बऱ्याच असतात. प्रत्येकीला वाटतं की असं जगात फक्त आपलंच होतंय. म्हणून एकीची गोष्ट सांगते. तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि सिरीजचं नावही मुद्दाम देत नाहीये.

वय 24, नोकरी करणारी, घरच्यांबरोबर राहणारी. आली तेव्हा तक्रार झोपेची होती. तीन आठवडे धड झोप नाही, जेवण जात नाही, ऑफिसमध्ये बसल्या बसल्या डोळे भरून येतात आणि घरी कोणी विचारलं की डोकं दुखतंय म्हणून सांगायचं. मी आपली नेहमीसारखं विचारत गेले, कामाचा ताण आहे का, कुणाशी बिनसलंय का, जवळचं कोणी गेलंय का. या शेवटच्या प्रश्नावर ती गप्प झाली आणि मग इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "गेलंय मॅडम. पण खरं माणूस नाहीये."

दोन बायकांची जोडी, चार सीझन, आणि शेवटच्या एपिसोडमध्ये त्यातली एक मेली. बस, एवढंच होतं.

तेव्हा माझ्याकडून एक चूक झाली, आणि ती सांगते कारण घरचे पण नेमकी तीच करतात. मी विचारलं, दिवसाला किती तास बघतेस? तिचा चेहरा मिटलाच एकदम, पुढची वीस मिनिटं नुसतं हो-नाही. पुढच्या सेशनला मी तिची माफी मागितली आणि म्हटलं, तास राहू देत, कशी बघायचीस ते सांग.

तर रात्री सगळे झोपल्यावर, पांघरुणाच्या आत, ब्राइटनेस अगदी कमी करून, आणि इअरफोन फक्त डाव्या कानात. उजवा कान मोकळा ठेवायचा, कारण बाहेर पावलं वाजली तर कळायला हवं. चारच्या चार सीझन तिने एका कानाने ऐकले होते.

हे ऐकल्यावर मला तिचं रडणं कळलं. आपलं खरं माणूस गेलं तर सांगता येतं, लोक येऊन बसतात, ऑफिसला सुट्टी मिळते. हिला कोणासाठी रडतेय हे सांगायचं तर का रडतेय हेही सांगावं लागलं असतं, आणि ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने 1989 मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलंय, ज्या दुःखाला आजूबाजूचे दुःख मानतच नाहीत त्याबद्दल, आणि असं दुःख जास्त चिघळतं कारण ते उघड करायला जागाच नसते. आणि पडद्यावरच्या माणसाशी एकतर्फी जवळीक होणं यात तर काहीच विचित्र नाही, हॉर्टन आणि वोल या दोघांनी 1956 मध्येच त्याला पॅरासोशल असं नाव दिलं होतं, म्हणजे टीव्ही नवा होता तेव्हापासून हे चालू आहे. हिच्या बाबतीत फरक एवढाच की तिच्या आयुष्यात तिच्यासारखी दुसरी बाई ती एकच होती.

तिसऱ्या वेळी ती वही घेऊन आली, मला शिकवायलाच जणू. म्हणाली, मॅडम हे बघा, 2002 मध्ये बफी या सिरीजमधली टॅरा, मैत्रिणीशी पुन्हा जुळतं आणि लगेच गोळी लागते, ती गोळी तिच्यासाठी नव्हतीच. 3 मार्च 2016 ला द हंड्रेड या सिरीजमधली लेक्सा, दोघी पहिल्यांदा इतक्या जवळ येतात आणि लगेच गोळी, तीही दुसरीवर झाडलेली. चौदा वर्षांनी परत तेच! लेक्सा गेल्यावर प्रेक्षक मुली इतक्या हादरल्या की त्यांनी क्विअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे मुलांच्या आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या ट्रेव्हर प्रोजेक्टसाठी पैसे उभे केले, आणि 2017 मध्ये लास वेगासला अशा चाहत्या बायकांचं खास संमेलन भरलं, क्लेक्साकॉन. हे सगळं ती भराभर सांगत होती आणि मला दिसत होतं की इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तिचा आवाज मोठा झालाय. मग वहीतलं एक पान तिने हळूच उलटलं. त्यावर हिरव्या पेनाने लिहिलं होतं, वायनोना अर्प, निकोल, बुलेटप्रूफ जॅकेट. वायनोना अर्प या सिरीजमधल्या या निकोललाही 2016 मध्येच गोळी लागली, पण आत जॅकेट होतं, ती वाचली, आणि 2021 ला शेवटच्या एपिसोडमध्ये तिचं आणि तिच्या मैत्रिणीचं लग्न लागलं. "एवढंच हवं होतं मला," ती म्हणाली, "एक जॅकेट."

ती वेडी नव्हती हो. आपल्यासारख्यांचा शेवट असाच होतो हे तिला परत परत दाखवलं गेलं होतं आणि तिला त्याची भीती बसली होती. रडणं अर्धं त्या पात्राचं होतं आणि अर्धं स्वतःच्या पुढच्या आयुष्याचं.

मध्येच तिने विचारलं, हे सिरीजमुळे झालं का माझं? पालक पण हेच विचारतात. नाही. आठवीतल्या कॅप्टन मुलीची चिठ्ठी तिने अजून जपून ठेवली होती आणि तेव्हा सिरीज आलेलीसुद्धा नव्हती. सिरीजने फक्त जे होतं त्याला नाव दिलं. आणि मुलीला मुली आवडणं हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 लाच त्याला आजारांच्या यादीतून काढलंय.

फॅनडमचं, म्हणजे या चाहत्यांच्या जगाचं, मात्र मला दोन्ही बाजूंनी बोलावं लागलं. ती टोपणनावाने फॅनफिक्शन, म्हणजे त्याच पात्रांच्या स्वतः रचलेल्या गोष्टी लिहायची, त्यात ती बाई जिवंत राहते, म्हातारी होते, चष्मा शोधत घरभर फिरते. ते लिहिणं मी अजिबात थांबवू दिलं नाही, तो तिचा शोक करायचा मार्ग होता आणि चांगला होता. पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत सिरीजच्या लेखकांना शिव्या घालणाऱ्या ग्रुपमध्ये बसायचं, नट्यांच्या खऱ्या आयुष्यात जोड्या लावत बसायचं, याने राग तेवढा ताजा राहतो आणि झोप जाते. तेवढं सोडायला सांगितलं. सोडायला वेळ लागला, दोनदा परत गेलीसुद्धा.

घरी सांग असं मी तिला म्हटलं नाही. कोणीच कोणाला तशी घाई करू नये, सुरक्षित वाटेल तेव्हा आणि वाटेल त्यालाच सांगावं. पण एक तरी माणूस हवं ज्याच्यासमोर मोठ्याने बोलता येईल. ग्रुपमधल्या एका मैत्रिणीशी ती दोन वर्षं नुसतं टाइप करत होती, तिला पहिल्यांदा फोन केला, आणि दोघी त्या पात्राचं नाव घेऊन रडल्या.

तुमचं असं झालं असेल आणि काही आठवड्यांत हळूहळू ओसरत असेल तर स्वतःला दोष देऊ नका. पण झोप-जेवण सुटलंय, कामावर जाववत नाही, किंवा जगूच नये असं वाटायला लागलंय, तर वाट बघू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि मदत घ्या.

चार महिन्यांनी तिने त्या मैत्रिणीच्या खोलीवर जाऊन पहिला सीझन परत लावला. दार बंद, दोन्ही कानांत इअरफोन. दुसऱ्या दिवशी मला सांगत होती, "मॅडम, ती पहिल्यांदा येते ना तो सीन, ती दिसायच्या आधी उजवीकडून बारीक गुणगुणल्याचा आवाज येतो. तीच गुणगुणत असते. मी दहा वेळा तरी बघितलाय तो सीन, आणि मला माहीतच नव्हतं."