दत्तक घेतलेल्या कुत्रीचं नाव बदललं तर तिला त्रास होतो का?

संस्थेने ठेवलेलं 'सिंड्रेला' तुमच्या घरात कुणाच्या तोंडी बसत नाही आणि सासूबाई म्हणतात नाव बदललं की जनावर बिथरतं, असं तुम्ही लिहिलंय. खुशाल बदला. काही बिथरत नाही.

आमची चिंगी आली तेव्हा राणी होती. आधीच्या घरी मार खाल्लेली. 'राणी' म्हटलं की कान पाडून, शेपूट पोटाशी घेऊन सरपटत दिवाणाखाली, आणि मागे फरशीवर लघवीची रेघ. हाक कितीही लाडाने मारा, तेच. मी म्हटलं, हे नाव या घरात पुन्हा घ्यायचं नाही. तर आमचे सासरे, मानपाड्याच्या अख्ख्या सोसायटीत प्राण्यांतले जाणकार म्हणून मिरवणारे, म्हणाले, "मुक्या जनावराची ओळख पुसू नये."

हे म्हणणारे कोण, तर लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहायला लावणारे. मी उज्ज्वला. थोरल्या जाऊबाईही उज्ज्वला, म्हणून मी झाले मधुरा. मला विचारलं कुणी? बी.कॉम.चं सर्टिफिकेट एका नावाचं, रेशनकार्ड दुसऱ्या, बँकेत दरवेळी प्रतिज्ञापत्र. शेवटी गॅझेटमध्ये छापून आणलं, तेही जुनंच नाव परत. चिंगीचं काम डॉक्टरांनी लसीच्या पुस्तिकेत एक रेघ मारून उरकलं.

सासरे हट्टाने 'राणी'च म्हणत राहिले आणि चिंगी त्यांच्या खोलीत पाऊल टाकेना. मग एका सकाळी मारी बिस्किट पुढे धरून 'चिंगे, ये गं' चाललेलं मी स्वतः ऐकलं. ओळख पुसायला एक बिस्किट पुरलं. मला तर तेही मिळालं नव्हतं.

बरं, करायचं कसं. भूक लागलेली असताना नवं नाव एकदाच घ्या, तिने मान वळवली की लगेच उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा. नाव आधी, तुकडा मग. जप करत बसू नका, त्याकडे ती लक्ष देणं सोडेल. आंघोळ, औषध, नखं कापणं यासाठी नावाने बोलावू नका, उठून घेऊन या. रागावताना तर नाव अजिबात नको. आणि घरात लहान मूल असेल, दिवसभर 'नको, नको' चालत असेल, तर कोको ठेवू नका. ब्राउनीही नको, उपवन तलावावर संध्याकाळी ती हाक मारून बघा, किती माना वळतात.

हे सगळं मार खाल्लेल्या कुत्रीचं झालं. तुमची जर 'सिंड्रेला' म्हटल्यावर शेपूट हलवत धावत येत असेल, तर जुनं नाव एकदम टाकू नका. काही दिवस आधी नवं, लगेच जुनं असं दोन्ही जोडून म्हणा, मग जुनं गाळा. किंवा सरळ सिंडी म्हणा, सासूबाईंनाही जमेल.

महापालिकेचा परवाना काढायच्या आधी नाव पक्कं करा, म्हणजे तो आणि लसीची पुस्तिका जुळतील. गळ्यातल्या बिल्ल्यावर मात्र फोन नंबर मोठा कोरून घ्या, जागा उरली तर नाव. दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळाली, तर ज्याला सापडेल त्याला तो नंबरच लागणार आहे.