एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रात) नव्याने आलेल्या समुपदेशकाला

आल्या आल्या गोळ्या मोजायला बसू नकोस. आधी विचार, झोप लागते का, जेवण जातं का. गोळ्या चुकतात त्यामागे पुष्कळदा खचलेलं मन असतं, नाहीतर दारू. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, कशातच रस उरला नाही का, हे दोन प्रश्न प्रत्येकाला विचारायचेच. जिवाचं बरंवाईट करायचा विचार बोलून दाखवला, तर त्या माणसाला एकट्याने घरी पाठवू नकोस.

दारूबद्दल कळकळीने सांगते. 'पिऊन गोळी घेऊ नका' असं कधीच म्हणू नकोस. लोक दारू सोडत नाहीत, गोळी सोडतात! 'प्यायलात तरी रोजची गोळी घ्याच' हे आधी पक्कं कर, मग व्यसनाचं बोल.

मानसोपचार विभागाची नुसती चिठ्ठी दिली की बरेच जण वाटेतच गळतात. मी सोबत जाते. दोन्हीकडची तारीख एकच घ्यावी, रोजंदारी बुडते त्यांची. तिथे कार्बामॅझेपिन (फिट्सवर आणि मूड सावरायला देतात ते औषध) सुरू झालं तर आपल्या डॉक्टरांना लगेच कळव, त्याने डोलुटेग्राविर या एचआयव्हीवरच्या औषधाचा असर कमी होतो. आणि एचआयव्हीचं तिथे सांगायचं ते पेशंटला विचारूनच.

रात्रीबेरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कार्डावर लिहून देत जा.