बिअर गाळायची पिशवी: धुवायची कशी, टाकायची कधी?

या वेळचे प्रश्न परदेशातल्या मराठी वाचकांचे आहेत, जिथे घरी बिअर करणं कायदेशीर आहे. ब्रिटनमध्ये 1963 पासून त्यासाठी परवाना लागत नाही, अमेरिकेत 1978 च्या केंद्रीय कायद्याने मुभा मिळाली. महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना बिअर करणं गुन्हा आहे. इथल्या वाचकांनी हे माहितीपुरतंच वाचावं.

न्यू जर्सीहून: मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा जव) गरम पाण्यात भिजवून गाळायला पॉलिएस्टर व्हॉइलची, म्हणजे झिरझिरीत कापडाची, पिशवी वापरतो. दोन-तीन वापरांतच तिला आंबूस वास लागला. भांड्यांच्या साबणाने धुतो, तरी जात नाही. काय चुकतंय?

साबण चुकतोय, आणि बहुधा वेळही. मॉल्टचा चोथा पिशवीतच ठेवून आधी वर्ट (मॉल्टचं गाळलेलं गोड पाणी) उकळायला घ्यायचं, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालायचे, गार करायचं आणि मग पिशवीकडे वळायचं, असं बरेच जण करतात. तोवर कोमट, गोड, ओल्या चोथ्यात जिवाणूंची चंगळ झालेली असते. वर्टला उकळी येईपर्यंत जी वीस-तीस मिनिटं मिळतात, ती पिशवीची.

चोथा ओतून टाका, पिशवी उलटी करून झटका. मग कोमट पाण्याच्या धारेखाली, बाहेरच्या बाजूने आत पाणी जाईल अशी धरा, म्हणजे जाळीत अडकलेली टरफलं आली तशी परत निघतात. सुरुवातीलाच उकळतं पाणी ओतू नका. साखर न होता उरलेल्या थोड्या पिठाची त्याने खळ होते आणि ती जाळीत बसते. तळाची शिवण अंगठा आणि बोटात धरून चोळत जा. दुमडलेल्या कापडात सालीचे बारीक तुकडे आडवे रुतलेले हाताला लागतात. वास येतो तो बहुतेक वेळा तिथूनच.

एवढं प्रत्येक वापरानंतर. वास लागलाच असेल तर 4 लिटर गरम पाण्यात (50 ते 60 अंश) एक मोठा चमचा सोडियम परकार्बोनेट घालून पिशवी अर्धा तास बुडवून ठेवा. बिनवासाचं ऑक्सिजन ब्लीच म्हणून जे मिळतं, त्यात मुख्यतः हेच असतं. हे पाणी पुढच्या वेळेसाठी बाटलीत भरून ठेवू नका: काही तासांत त्याचा जोर जातो, आणि सुटणाऱ्या ऑक्सिजनने बंद बाटली फुगते. हाताला बुळबुळीत लागणं थांबेपर्यंत पिशवी खळबळून घ्या आणि दोरीवर पूर्ण वाळवा. दमट पिशवी घडी करून डब्यात घातली, तर आधीची सगळी मेहनत फुकट.

सुगंधी साबण कापडात मागे राहतो, चवीत उतरतो आणि ग्लासातला फेस बसवतो. फॅब्रिक सॉफ्टनर त्याहून वाईट, कारण तो धाग्यांवर थर चढवण्यासाठीच बनवलेला असतो. वॉशिंग मशीन वापरायचंच असेल तर पिशवी उशीच्या अभ्र्यात बांधून, नुसत्या पाण्यावर फिरवा.

लेस्टरहून: प्रत्येक वेळी पिशवी उकळून निर्जंतुक करायलाच हवी का?

कुठली पिशवी, यावर ते आहे. मॉल्टची पिशवी 65 ते 68 अंशांच्या पाण्यात उतरते आणि त्यानंतर वर्ट तासभर उकळतं. जंतू तिथेच मरतात, त्यामुळे ती स्वच्छ आणि कोरडी असली की पुरे. (उकळीने जंतू मरतात, पण आंबलेल्या पिशवीतलं आम्ल आणि वास मरत नाही, म्हणून वरची धुलाई टळत नाही.)

आंबवण्याच्या भांड्यात हॉप्स सोडायची पिशवी वेगळी. तिच्यानंतर उकळी नाही, म्हणून ती दर वेळी 10 ते 15 मिनिटं उकळलीच पाहिजे. किंवा लिटरला दीड मिली स्टार सॅनच्या (आम्ल असलेलं जंतुनाशक) द्रावणात दोन मिनिटं बुडवून, निथळून वापरा; नंतर धुवायची नाही. पिशवी नायलॉनची असेल तर तिला आम्लात रात्रभर ठेवू नका, धागा कमजोर होतो.

या दोन पिशव्यांची अदलाबदल कधीच करू नका. मॉल्टच्या सालीवर लॅक्टोबॅसिलस हे आंबवणारे जिवाणू मुळातच असतात, आणि तयार बिअरला आंबट करायला तेवढे पुरतात. काठाला वेगळ्या रंगाचा धागा घातला की घोळ होत नाही. हॉप्सने पडलेला हिरवट डाग निरुपद्रवी असतो, तो घासत बसू नका. मात्र वाळल्यावर शिळ्या चीजसारखा वास येत असेल तर पिशवी पुन्हा परकार्बोनेटमध्ये टाका. तरीही गेला नाही, तर नवी घ्या.

मेलबर्नहून: श्रीखंडासाठी चक्का बांधतो तोच मलमलीचा पंचा बिअरला चालेल का?

नाही. दह्याचे जिवाणू सुती धाग्याच्या आत मुरलेले असतात आणि दुधातला स्निग्धांश फेसाचा शत्रू आहे. उलटही करू नका, हॉप्सचा कडवटपणा श्रीखंडात उतरेल.

लंडनहून: सुती पिशवीवर काळे ठिपके आलेत. क्लोरीन ब्लीच चालेल?

ठिपके पांढरे होतील, बुरशीची मुळं धाग्यात राहतील. सुती पिशवी अशी झाली की टाकून द्या, ती स्वस्त असते. पॉलिएस्टरवरचे ठिपके बहुधा वरवरचे असतात; परकार्बोनेट आणि मग दहा मिनिटांची उकळी पुरते.

क्लोरीन आम्ही बिअरच्या कापडाला लावूच देत नाही. मॉल्टमधल्या फिनॉल नावाच्या रसायनांशी त्याची गाठ पडली की क्लोरोफिनॉल तयार होतात, आणि अगदी नगण्य प्रमाणातही बिअरला दवाखान्यातल्या बँडेजसारखा वास येतो. तो नंतर कशानेही काढता येत नाही. आणि क्लोरीन ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही आम्ल मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

शिकागोहून: पिशवीतून वर्ट आता फार हळू गळतं. जाळी बुजली का?

कोरड्या पिशवीत लिटरभर पाणी ओतून पाहा. सरळ निघून गेलं तर पिशवी निर्दोष आहे. दळण फार बारीक झालंय, किंवा गहू, सोललेले ओट जास्त पडलेत. त्यांना साल नसते म्हणून चोथ्याचा लगदा होतो. धुतलेला भाताचा तूस मूठ-दोन मुठी मिसळा.

पाणीही अडत असेल आणि वाळलेलं कापड कडक, पांढरट लागत असेल, तर जड पाण्यातले क्षार साचलेत. लिटरला 10 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून पिशवी अर्धा तास भिजवा. परकार्बोनेटच्या पाण्यात ते मिसळू नका, दोन्ही एकमेकांना निकामी करतात. आधी एक, खळबळून मग दुसरं.

सिडनीहून: तळाला वितळून भोक पडलंय. शिवून घेऊ का?

शिवू नका. 5 किलो मॉल्ट पाणी पिऊन 9-10 किलोंचं होतं, आणि उचलताना ते सगळं तळावर येतं. तिथली शिवण उसवली तर कढत वर्ट पायावर येईल. बाजूचं लहान भोक मात्र पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवता येतं. सुती दोरा ओल धरतो आणि कुजतो.

नवी पिशवी घ्याल तेव्हा भांड्याच्या तळाशी स्टीलची जाळी ठेवा. पाणी 70 अंशांवर असलं तरी ज्योतीवरचा तळ किंवा पाण्यात बुडवलेली तापणारी कॉइल त्याहून खूप तापलेली असते, आणि पॉलिएस्टर तिथेच चिकटतं. वापरण्याआधी पिशवी उजेडासमोर धरून शिवणी पाहायच्या: टाक्यांची भोकं लांबट होऊन उजेड दिसायला लागला, की ती बदलायला झाली.